जखम खालून भरते

पायाला ठेच लागली, उसाच्या पात्याने पोटरी चिरली किंवा तव्याचा चटका बसला, की आपण सगळे एकच गोष्ट पाहतो: खपली धरली की नाही. खपली धरली आणि तिच्या कडेने नवी गुलाबी कातडी आली, की काम झाले असे समजून आपण निर्धास्त होतो. पण कातडी वरून दिसत असली तरी ती भरून येते खालून. वाक्य साधे आहे. परंतु त्याची प्रचीती घेण्यासाठी अमेरिकेतील प्रयोगशाळांनी कित्येक वर्षे खर्ची घातली, आणि ते ध्यानात न घेतल्यामुळे आपल्या बेटावर आजही माणसांचे पाय जातात. म्हणून आज आम्ही कातडीखालच्या पेशींविषयी लिहीत आहोत. विषय शास्त्राचा आहे, पण तो आपल्या घरातला आहे.

प्रथम कातडीची रचना पाहू. तिचे मुख्य थर दोन. वरचा थर कागदासारखा पातळ. त्याच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, कठीण होतात आणि शेवटी कोंड्यासारख्या झडून जातात. साधारण महिनाभरात हा थर नवा होतो. त्याच्याखाली जाड, चिवट असा दुसरा थर असतो. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि केसांची मुळे याच थरात असतात. या खालच्या थरात विखुरलेल्या लांबट पेशींना शास्त्रज्ञ फायब्रोब्लास्ट म्हणतात; आपण त्यांना तंतुपेशी म्हणू. कोलॅजन नावाचे बळकट धागे त्या तयार करतात आणि त्यांचे जाळे विणतात. कातडी ओढली तरी फाटत नाही, ती या धाग्यांमुळे.

पुष्कळ काळ असे मानले जाई की तंतुपेशींचे काम एवढेच: गादीत कापूस भरावा तसा कातडीत भराव घालणे. हा समज किती अपुरा होता हे कोंबडीवरून समजते. कोंबडीच्या अंगावर पिसे असतात आणि पायावर खवले. वरच्या थराच्या पेशी सगळीकडे सारख्याच जातीच्या. मग एके ठिकाणी पीस आणि दुसऱ्या ठिकाणी खवला का? मेरी रॉल्स या अमेरिकन संशोधिकेने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या कातडीचे दोन थर सुटे करून त्यांची अदलाबदल केली. पायाचा खालचा थर योग्य वयात पाठीच्या वरच्या थराखाली ठेवला, तर वर खवले उगवले. म्हणजे काय उगवावे याचा हुकूम खालून येत होता.

माणसाच्या तळपायाचेही असेच आहे. तळपायाची कातडी जाड आणि सोशिक असते, कारण तिच्याखालच्या तंतुपेशी निराळ्या असतात आणि वरच्या थराला तसे वाढावयास सांगतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी यावरून एक नवा विचार पुढे आणला. ज्याचा पाय कापला गेला आहे, त्याच्या उरलेल्या खुंटाच्या कातडीला कृत्रिम पायाचा भार सोसत नाही, ती सोलवटते. अशा कातडीत त्याच माणसाच्या तळपायाच्या तंतुपेशी टोचल्या, तर ती तळपायासारखी जाड होईल काय, याच्या चाचण्या त्यांनी सुरू केल्या. खालच्या पेशींवर शास्त्राचा केवढा भरवसा बसला आहे, हे यावरून दिसते.

हा भरवसा ज्या प्रयोगाने बसवला तो बॉस्टनशेजारच्या केंब्रिज गावी, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. माणसाच्या कातडीच्या वरच्या थरातील पेशी काचेच्या बशीत वाढवाव्यात, म्हणजे भाजलेल्या रोग्यांना त्या लावता येतील, अशी इच्छा अनेकांची होती. पण या पेशी एकट्या ठेवल्या तर वाढत नसत, आणि सोबत तंतुपेशी राहिल्या तर त्याच भराभर वाढून सारी बशी व्यापून टाकीत. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ साली यावर तोड काढली. ग्रीन यांनी जॉर्ज टोडारो यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये १९६३ सालीच उंदराच्या गर्भापासून तंतुपेशींचा एक वाण तयार केला होता. त्या पेशींवर किरणांचा मारा करून त्यांचे विभाजन थांबवले. त्या जिवंत राहिल्या, पण संख्येने वाढू शकेनात. अशा पेशींचा थर बशीच्या तळाशी पसरला आणि त्यावर माणसाच्या कातडीच्या पेशी सोडल्या. मग एकेका पेशीपासून पेशींच्या वसाहती फुलू लागल्या, थरावर थर चढले आणि वरचा थर खऱ्या कातडीसारखा कठीण झाला.

या प्रयोगातून दोन धडे मिळतात. पहिला असा की तंतुपेशींच्या सोबतीवाचून वरची कातडी नीट वाढत नाही. दुसरा असा की ही सोबत मर्यादेत असावी लागते. मर्यादा सुटली की मदत करणारी पेशीच जागा बळकावते. निरोगी कातडी आणि रोगट कातडी यांतला बराचसा फरक या दोन वाक्यांत येतो.

मदत होते ती कशी, हे पुढे कळले. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी तंतुपेशींमधून पाझरणारे एक प्रथिन शोधून काढले. ते वरच्या थराच्या पेशींना वाढण्याचा इशारा देते, पण तंतुपेशींवर स्वतःवर त्याचा परिणाम होत नाही. उलट बाजूने वरच्या पेशीही खाली निरोप धाडतात: इजा झाली आहे, मदत पाठवा. तो निरोप मिळाला की तंतुपेशी ते प्रथिन अधिक पाझरू लागतात. घरात वरच्या माडीवरचा माणूस हाक मारतो आणि खालचा माणूस हवे ते पोहोचवतो, तसा हा व्यवहार अहोरात्र चालू असतो.

या विद्येची कसोटी १९८३ साली लागली. वायोमिंग राज्यातील कॅस्पर गावचे दोन लहान भाऊ आगीत सापडले. त्यांची शंभरातली पंचाण्णवांहून अधिक टक्के कातडी जळाली होती. एवढे भाजल्यावर शरीरावरची उरलेली कातडी काढून दुसरीकडे लावावी, तर ती आणणार कोठून? मुलांना बॉस्टनच्या श्राइनर्स इस्पितळात नेण्यात आले. शाबूत राहिलेल्या कातडीचा लहानसा तुकडा घेऊन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत, तंतुपेशींच्या थरावर, त्यांचीच कातडी वाढवण्यात आली. तिने प्रत्येकाचे जवळजवळ अर्धे अंग झाकले गेले आणि दोन्ही मुले वाचली. १९८४ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर त्याचा बोलबाला झाला.

परंतु बोलबाल्यामागे एक उणीव होती, आणि ती आमच्या मुद्द्याला धरूनच आहे. बशीत वाढवलेली कातडी म्हणजे फक्त वरचा थर. खालचा थर जळून गेलेल्या जागी ती लावली की ती नाजूक राही, तिला फोड येत, ती आक्रसे. म्हणून दुसरे लोक खालच्या थराच्या मागे लागले. मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळाचे जॉन बर्क आणि इओआनिस यानास यांनी गाईचे कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेतील एक द्रव्य यांचे जाळीदार पातळ कापड केले. रोग्याच्या स्वतःच्या तंतुपेशी त्या जाळीत शिरतात आणि नवा खालचा थर उभा करतात. १९८१ साली त्यांनी त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. येल विद्यापीठातील चार्ल्स क्युओनो यांनी १९८६ साली मृत दात्याच्या कातडीचा खालचा थर आधी बसवून त्यावर रोग्याची वाढवलेली कातडी लावली. पाया घातल्यावाचून छप्पर टिकत नाही, हे अशा रीतीने शस्त्रवैद्यांनाही मान्य झाले.

आता रोगांकडे वळू. काहींच्या जखमेचा वण उंच, टणक होतो आणि मूळ जखमेबाहेर पसरत जातो. कान टोचल्यावरही असे होते. याला केलॉइड म्हणतात. यात तंतुपेशींना थांबावयाचे कळत नाही आणि त्या कोलॅजन विणतच राहतात. गोऱ्या लोकांपेक्षा आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या लोकांत हे अधिक दिसते, म्हणून आपल्या बेटावरील सर्वच समाजांना याची माहिती हवी. उलट प्रकारही आहे. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहिलेल्या खलाशांना ताजी फळे व भाज्या मिळत नसत. जीवनसत्त्व क न मिळाल्याने कोलॅजन नीट बनत नसे. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि कित्येक वर्षांपूर्वी भरलेले वणसुद्धा पुन्हा उघडत. भरलेल्या जखमेचीही खालून रोज डागडुजी होत असते, हे त्यावरून कळावे.

आणि तिसरा प्रकार म्हणजे मधुमेह. येथे विषय शास्त्राच्या पुस्तकातून उठून आपल्या अंगणात येतो. १९८७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत मॉरिशसमध्ये भारतीय, क्रिओल आणि चिनी अशा सर्व वंशांच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे असल्याचे उघड झाले. अलीकडच्या पाहण्यांत हे प्रमाण पाच प्रौढांमागे सुमारे एक इतके आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की कोलॅजनचे धागे साखरेने ताठरतात, बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खराब होतात. पायाला काटा बोचला तरी कळत नाही. जुनाट जखमेतील तंतुपेशी थकलेल्या असतात. त्या हळू वाढतात आणि निरोप मिळाला तरी पुरेसे उत्तर देत नाहीत. कडेची कातडी जाड होत जाते, पण आत सरकत नाही. वरून पाहणाऱ्याला वाटते, वाटाण्याएवढे तर छिद्र आहे. खाली मात्र जंतू हाडापर्यंत गेलेले असू शकतात.

अमेरिकेने यावरही जिवंत उपाय काढला. यूजीन बेल यांनी १९८१ साली त्याच केंब्रिजच्या संस्थेत कोलॅजन, तंतुपेशी आणि वरच्या पेशी यांची दोन थरांची कातडी बनवली. त्यातून पुढे अ‍ॅप्लिग्राफ नावाची वस्तू बाजारात आली. नवजात मुलांची सुंता झाल्यावर उरणाऱ्या कातडीच्या पेशींपासून ती तयार होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली पायावरील शिरांच्या जखमांसाठी आणि २००० साली मधुमेही पायांच्या जखमांसाठी तिला मान्यता दिली. मधुमेही पायांवर झालेल्या चाचणीचे आकडे २००१ साली प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत अ‍ॅप्लिग्राफ लावलेल्यांपैकी ५६ टक्के रोग्यांच्या जखमा पूर्ण भरल्या. ओलसर पट्टी लावलेल्यांपैकी ३८ टक्के रोग्यांच्या.

हे आकडे कसे वाचावेत याविषयी आमचे स्पष्ट मत आहे. ५६ आणि ३८ यांतील फरक खरा आहे आणि त्याचे श्रेय त्या जिवंत पेशींना आहे. पण दोन्ही गटांतील रोग्यांची जखम आधी साफ करण्यात आली होती, मेलेले मांस काढले होते, पायावरचा भार कमी केला होता. एवढ्यावरच शंभरांतील ३८ जखमा भरल्या, आणि जिवंत कातडी लावलेल्यांनाही हा आधार होताच. म्हणजे महागडी वस्तू ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन स्वस्त आहे.

ती जमीन तयार करणाऱ्यांत एक नाव आपण विसरू नये. डॉक्टर पॉल ब्रँड यांचा जन्म तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. वेल्लोरच्या इस्पितळात कुष्ठरोग्यांवर उपचार करताना त्यांना आढळले की रोग्यांची बोटे आणि पाय झडतात ते बहुतांशी वेदना न कळल्यामुळे. माणूस जखमेवर चालत राहतो आणि जखम चिघळते. १९६६ साली ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कार्व्हिलच्या कुष्ठरोग इस्पितळात गेले. पायाला घोट्याच्या वरपर्यंत घट्ट बसणारे प्लास्टर घालून जखमेवरचा दाब पसरवून टाकावयाचा, ही पद्धत त्यांनी तिकडे रुजवली आणि पुढे ती मधुमेह्यांनाही लागू झाली. २००१ साली डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३ मधुमेही रोग्यांवरील तुलना प्रसिद्ध केली. प्लास्टर घातलेल्यांपैकी बारा आठवड्यांत सुमारे ९० टक्के बरे झाले, काढता येणारा बूट दिलेल्यांपैकी ६५ टक्के आणि अर्धा जोडा दिलेल्यांपैकी ५८ टक्के. कारण सरळ आहे: काढता येणारी वस्तू माणूस घरी जाऊन काढतो. या चाचणीतले रोगी निराळे, म्हणून हे आकडे अ‍ॅप्लिग्राफच्या आकड्यांशेजारी मांडून स्पर्धा लावू नये. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जखमेत पू असेल तर असे प्लास्टर घालताही येत नाही. ते जाणत्या हाताचे काम आहे. पण दाब हटवला की थकलेल्या तंतुपेशींनाही कामाला सवड मिळते, एवढे त्यातून निश्चित होते.

आता अमेरिकेने पुढे काय केले तेही पाहावे. वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेचा, म्हणजे मेडिकेअरचा, कातडीऐवजी लावावयाच्या वस्तूंवरील खर्च २०१९ साली सुमारे २५ कोटी डॉलर होता. २०२४ साली तो १,००० कोटी डॉलरांवर गेला. त्या वस्तूंपैकी पुष्कळ तर बाळंतपणानंतरच्या वारेपासून केलेल्या पातळ पापुद्र्यांच्या आहेत. एवढा पैसा ओतूनही त्या देशात मधुमेहाने पाय कापणे थांबलेले नाही, आणि गरीब व कृष्णवर्णीय रोग्यांचे पाय अधिक कापले जातात. विद्या उत्तम आहे. ती पोहोचवण्याची रीत उत्तम नाही. आपण विद्या घ्यावी, रीत घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

यावर कुणी विचारील, गोऱ्यांच्या देशात मिळते ते आमच्या आईबापांना का मिळू नये? प्रश्न रास्त आहे. ज्या रोग्याला डॉक्टरांच्या मते जिवंत कातडीची गरज आहे त्याला ती मिळावी, आणि त्यासाठी सरकारकडे मागणीही करावी. पण जिवंत पेशी म्हणजे जादूची पूड नव्हे. तिला रक्त हवे, स्वच्छ जागा हवी आणि विश्रांती हवी. पाय काळा पडल्यावर आणलेली कोणतीही कातडी तेथे जगणार नाही. म्हणून जी गोष्ट आधी करावयाची ती आधी मागितली पाहिजे, आणि तिच्यातील बरीचशी तर कुणाकडे मागावीही लागत नाही.

घरात मधुमेही माणूस असेल तर रोज संध्याकाळी त्याचे तळपाय पाहावेत. आजीला स्वतःचा तळपाय दिसत नाही; नातवाला दिसतो. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. जोड्यात खडा आहे का ते हात घालून पाहावे. कुरूप ब्लेडने कापू नये. पाणी किती गरम आहे हे पायाने नव्हे, कोपराने पाहावे. तळपायावर फोड, भेग किंवा लाली दिसली तर हळद लावून आठवडाभर वाट पाहू नये. दुसऱ्याच दिवशी डिस्पेन्सरी गाठावी. आपल्या सरकारी इस्पितळांत उपचारांना पैसे पडत नाहीत. पैशाअभावी पाय गेला असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

आणखी एक गोष्ट, जी काहींना रुचणार नाही. महाशिवरात्रीला गंगा तलावाची वाट, गणेश विसर्जनाची समुद्रापर्यंतची मिरवणूक, देवळाचे तापलेले आवार: या सर्व ठिकाणी आपण अनवाणी जातो. भक्तीबद्दल आम्हांस आदर आहे. पण ज्या पायाला चटका कळत नाही त्याने डांबरी रस्त्यावर अनवाणी चालणे हे व्रत होत नाही. त्यात फक्त जोखीम आहे. आपल्या मंडळींनी आणि पुजाऱ्यांनी व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे की मधुमेही भक्तांनी मिरवणुकीत जोडे घालावेत आणि देवळात स्वच्छ मोजे घालावेत. देवाची त्याला हरकत नाही. एका वयस्क माणसाने असे केले तर लोक कुजबुजतील. पन्नासांनी केले तर ती रीत होईल.

शाळांविषयीही दोन शब्द. कातडीचे थर आम्ही वर्गात फळ्यावर काढून दाखवतो, मुले नावे पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. त्या आकृतीखाली एक ओळ वाढवावी: आज घरी जाऊन आजोबांचे पाय पाहा आणि काय दिसले ते उद्या सांगा. कोंबडीची पिसे आणि खवले यांचे उदाहरण द्यावे. मुलांना ते लगेच पटते. शास्त्र परीक्षेसाठी शिकलेले मूल आणि शास्त्र घरी नेणारे मूल यांतील अंतर एवढ्या एका ओळीने कमी होते. मराठीच्या तासालाही हे करता येईल. तळपाय, घोटा, टाच, बेचकी, खपली, वण हे शब्द मुलांच्या तोंडी राहतील, आणि कामालाही येतील.

हॉवर्ड ग्रीन यांच्या बशीत तळाशी असलेल्या पेशी कुणाच्या नजरेत भरत नव्हत्या. पण त्यांच्यावाचून वर काहीच उगवत नव्हते. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या पायांत त्याच जातीच्या पेशी या घटकेला काम करीत आहेत. त्यांना साखरेच्या ओझ्यातून, दाबातून आणि घाणीतून जितके सोडवता येईल तितके आपण सोडवावे. बाकी विणकाम त्यांना येते.